तिसऱ्या क्रमांकाचा बोकड

तिचं नाव स्टुडिओच्या दारावर पितळी अक्षरांत होतं, पण त्या इमारतीत ते कुणाच्या तोंडी नव्हतं. समोर मॅडम, पाठ फिरली की पट्टी. कारण तिच्या अंबाड्यात सहा इंची स्टीलची पट्टी कायम खोचलेली असायची. बोलता बोलता हात मागं जायचा, पट्टी बाहेर यायची आणि समोर जे काही असेल ते मोजलं जायचं. कपाचा कान, कॅलेंडरचा समास, दाराच्या कडीचा खिळा. एकदा तिनं नवऱ्याची मिशी मोजून डावी बाजू जास्त आहे असं सांगितलं. तो बिचारा दोन्ही टोकं सारखी करता करता शेवटी सफाचट होऊन बसला, आणि मग म्हणाला, "आता माप."

खाली छापखाना, वर स्टुडिओ, त्याच्यावर घर. छापखाना नवऱ्याचा. उभा जन्म मशीनशेजारी काढल्यामुळं त्याचे कान बधिर झाले होते आणि आपण हळू बोलतोय असं समजून तो तीन मजले ऐकतील एवढ्यानं बोलायचा. घरातली गुपितं त्यामुळं गल्लीला आधी कळायची.

पट्टीनं या धंद्यात वीस-बावीस वर्षं काढली होती. खिळ्यांच्या खोक्यावरच्या लेबलापासून सुरुवात. मग साबणाचं वेष्टन, टॉर्चच्या सेलवरचं वाघाचं तोंड, कुलपाच्या कंपनीचं चिन्ह. शाळेच्या पुस्तकात बेडकाची वाढ दाखवणारी चित्रं तिची. शेपटी कधी गळते हे नीट कळावं म्हणून तिनं बरणीत बेडकाची पिल्लं पाळली होती आणि सासूबाई आठवडाभर स्वयंपाकघरात पाय टाकीनात. पाणी खात्यासाठी तिनं नळावर चिकटवायची चकती केली होती: गळणारा थेंब आणि त्याच्याकडं रागानं बघणारा नळ. ती चकती गावभर लागली. नळ गळायचे थांबले नाहीत, पण चकती बघून लोक हसायचे, तेवढंच.

काम चोख. कुणी बोट ठेवावं असं नाही. पण तिच्या मनात एक कुसळ होतं. तिचं सगळं काम फेकून देण्यासाठीच होतं. वेष्टन फाडल्याशिवाय साबण हाती येत नाही. खिळे संपले की खोकं चुलीत. रस्त्यानं जाताना गटारात आपलाच वाघ उताणा पडलेला तिला दिसायचा. "माझं प्रदर्शन रोज भरतं," ती म्हणायची, "कचराकुंडीत. तिकीट नाही." आणि त्यावर कुठं तिचं नावही नसायचं. शिंप्याचं नाव निदान कॉलरीत असतं.

अशात दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ आली. तीही चित्रकारीण. आता दुसरीकडं कुठं नोकरी धुंडाळायची, घरचाच स्टुडिओ आहे की, असं सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीजवळचं टेबल तिला मिळालं. जावा-जावा उभा दावा, ही म्हण करणाऱ्याला जावांना शेजारशेजारच्या टेबलांवर बसवायची कल्पना काही सुचलेली नव्हती.

धाकटी डावखुरी होती. दिवसातून दोनदा तिच्या आईचा फोन यायचा. तो मान वाकडी करून खांद्यात धरायची आणि बोलता बोलता डाव्या हातानं चित्रं काढायची. कागद म्हणजे खालून आणलेली रद्दी, बिघडलेल्या छपाईची पाठकोरी पानं. हत्यार म्हणजे टोक मेलेलं ब्रशपेन. कागदाकडं बघायचीसुद्धा नाही. "हो गं आई, खाल्लं. नाही गं, ते तसलं काही म्हणत नाहीत," आणि इकडं कागदावर पाय फुटलेली किल्ली, ढेकर देणारी बरणी. फोन संपला की चोळामोळा करून टोपलीत.

पहिल्यांदा पट्टीला गंमत वाटली. मग एक दिवस कुलपाच्या कंपनीचा मालक प्रूफ बघायला आला. त्याच्या कंपनीचं चिन्ह पट्टीनं केलेलं, त्याच्या फाटकावर कमरेएवढं लावलेलं. तो टोपलीशेजारी वाकला, चुरगळलेला कागद उचलून गुडघ्यावर सरळ केला आणि पाय फुटलेली किल्ली बघून असा हसला की त्याचं पोट टेबलाला लागलं. "ही मला द्या." पुढच्या खेपेला पट्टी त्याच्या ऑफिसात गेली तेव्हा किल्ली काचेच्या चौकटीत खुर्चीमागं टांगलेली होती. कागदाच्या सुरकुत्यांसकट. फाटकावरचं चिन्ह मात्र इतक्या दिवसांत कुणी धुतलंही नव्हतं. पाखरं बसायची त्याच्यावर.

मिरच्या झोंबल्या त्या तिथं.

घरी तेच. सासूबाईंनी धाकटीनं काढलेलं मांजर बघितलं आणि म्हणाल्या, "हात किती हलका आहे गं हिचा." पट्टीला त्यांनी एवढ्या वर्षांत कामाबद्दल एकच वाक्य ऐकवलं होतं: "डोळे सांभाळ."

"खरंय आई," नवरा जिन्यातून गरजला. "हिचं चित्र हसतं, आमच्या हिचं चित्र सावधानमध्ये उभं राहतं." आणि आपण हे कुजबुजलो अशा समजुतीनं तो खाली गेला.

पट्टी मग चोरून मोजायला लागली. धाकटी जेवायला वर गेली की टोपलीतला कागद काढायचा, अंबाड्यातली पट्टी लावायची. वर्तुळ गोल नाही. दोन पायांत केवढा फरक. छाया एकीकडची, उजेड भलतीकडचा. चूक सापडली की तिला घटकाभर थंड वाटायचं. मग कागद हातभर लांब धरला की ते मांजर उडी मारायच्या बेतात असायचं आणि सगळ्या चुका मिळूनच ते उडी मारत होतं. मोजून चूक सापडत नसती तर बरं झालं असतं. चूक सापडूनही चित्र चांगलं, याला काय करायचं? ती कागद पुन्हा होता तसा चुरगळायची. आधी होता त्याहून जरा जास्तच.

त्या सुमारास लहान मुलांच्या हॉस्पिटलचं काम आलं. नवी इमारत, लांबलचक बोळ, आठ विभाग, आणि येणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नाही. पोराला काखेत मारून माणसं भलत्याच दारात रांग लावत. हॉस्पिटलला जमिनीवरून जाणाऱ्या रंगीत रेषा हव्या होत्या आणि प्रत्येक विभागाला एकेक चित्र. काम ठरवणार होती मेट्रन, उंच, सडपातळ, चालताना किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरणारी बाई. जाताजाता ती म्हणाली, "आणि हो, दारात एक लहान पाटी लावायचीय. हे काम कुणी केलं त्याच्या नावाची. इमारत बांधणाऱ्याचं नाव असतं, तुमचं का नको?"

पट्टीनं ते कामाच्या कागदावर सगळ्यात आधी टिपून घेतलं. भिंतीवर राहणारं काम. कुणी फाडणार नाही, कुणी चुलीत घालणार नाही. आणि त्यावर नाव.

धाकटीला तिनं या कामात घेतलं नाही. "तू कॅलेंडर संपव," एवढंच.

तिनं पक्षी केले. आठ पक्षी, सगळे वर्तुळाच्या तुकड्यांतून जुळवलेले, एकाच कुळातले वाटावेत असे, पण चोच, शेपूट, पंख प्रत्येकाचा वेगळा. इतकं नेटकं काम तिनं आधी कधी केलं नव्हतं. हा पहिला पर्याय. दुसरा नुसत्या रंगांचा आणि आकड्यांचा, साधा, सुरक्षित. आणि तिसरा बोकड.

बोकड म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. गिऱ्हाइकाला एकच चित्र दाखवलं तर तो म्हणतो, बदला. दोन दाखवली तर म्हणतो, दोन्ही मिळवा. म्हणून तीन दाखवायची, ही या धंद्यातली रीत. त्यातलं तिसरं मुद्दाम असं करायचं की गिऱ्हाइकानं नाक मुरडावं, त्याला नाही म्हटल्याचं समाधान मिळावं आणि मग त्यानं आपल्याला हवं त्यावर बोट ठेवावं. स्टुडिओत या तिसऱ्याला बोकड म्हणत. बळी द्यायला आणलेला. बोकड करायला पट्टी कधी अर्ध्या दिवसाच्या वर वेळ घालवायची नाही, आणि तिचा बोकड आजवर कधी वाचला नव्हता.

यावेळी तिला बोकड करावासाच वाटेना. तिची नजर टोपलीत गेली.

वर तीन कागद होते. एकावर बादली, एकावर खुर्ची, एकावर कंगवा. धाकटीच्या सकाळच्या फोनमधले. पट्टीच्या मनात जे आलं त्याला नाव द्यायची तिला गरज वाटली नाही. मेट्रननं ही चित्रं बघावीत, नाक मुरडावं. कुणी तरी एकदा या हलक्या हाताला नको म्हणावं, आणि ते आपण कानांनी ऐकावं. तिनं कागद सरळ केले, करड्या पुठ्ठ्यावर जरा तिरके चिकटवले, खाली विभागांची नावं सगळ्यात बेंगरूळ टाइपात टाकली आणि बोकड तयार झाला.

हॉस्पिटलातल्या आपल्या खोलीत मेट्रननं तिन्ही पुठ्ठे टेबलावर मांडले. पक्ष्यांसमोर ती बराच वेळ थांबली.

"सुंदर आहेत," मेट्रन म्हणाली. "या पहिल्याला काय म्हणायचं?"

"पक्षी."

"आणि या दुसऱ्याला?"

"तोही पक्षीच. पण त्याची शेपूट बघा, ती खालच्या बाजूला वळलीय. आणि तिसऱ्याचा पंख—"

"दाराशी एक बाई आलीय. पोर तापानं फणफणलंय. माझ्या शिपायानं तिला काय सांगायचं? शेपूट खाली वळलेल्या पक्ष्याच्या मागं जा, पंखवाल्याच्या नको?" ती हसत नव्हती. तिनं करडा पुठ्ठा पुढं ओढला. "आणि हे बघा. बादलीच्या मागं जा. संपलं. कंगव्यापाशी बसा. हे कुणालाही सांगता येतं, कुणालाही ऐकून सापडतं." मग ती जरा वाकली. "आणि ही बादली मला आवडली. कुणी तरी आत्ताच उचलून नेतंय. कुणाचा हात हा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"आमच्या स्टुडिओतलाच," पट्टी म्हणाली. "आम्ही सगळं मिळूनच करतो."

जिना उतरताना तिला कळलं की आपण खोटंही बोललो नाही आणि खरंही नाही, आणि पाटीवरचं नाव अजून कुणी विचारलेलं नाही.

मग तिनं ठरवलं की बादली आपली करायची. वस्तूंची कल्पना काय, कुणालाही सुचेल. हात आपला असला की झालं. संध्याकाळी धाकटी वर गेल्यावर दार लावून ती बसली. धाकटीची बादली तिरकी होती, तिनं ती उभी केली. कडी एका बाजूला ओढली गेली होती, तिनं मधोमध आणली. काठ वेडावाकडा होता, तिनं लंबवर्तुळ टाकलं. खुर्चीचे चारही पाय जमिनीला टेकवले. कंगव्याचे दात मोजून सारखे केले. धाकटीनं त्याचा एक दात मोडकाच काढला होता, तिनं नवा बसवला. नवऱ्यानं वर येऊन बघितलं आणि त्याला बरंच काही म्हणायचं होतं ते त्यानं गिळलं. त्याचं गिळणंसुद्धा ऐकू आलं.

स्वच्छ केलेली चित्रं घेऊन ती मेट्रनकडं गेली.

मेट्रननं चष्मा लावला, काढला. पट्टीच्या चोख कामावर बोट ठेवताना माणसं अवघडायची, तशीच तीही अवघडली.

"व्यवस्थित झालंय," ती म्हणाली. "पण मॅडम, त्या बादलीत पाणी होतं."

"कुठल्या?" पट्टीनं विचारलं.

"त्या आधीच्या. जड होती ती. हिच्यात पाणी नाही. दुकानात ठेवलेली बादली आहे ही." आणि मग, जणू काही हे सगळ्यात सोपं असल्यासारखं, "ज्यांनी ती काढली त्यांनाच उरलेली पाच काढू द्या ना."

चालत घरी येताना पट्टी दोनदा चुकीच्या गल्लीत वळली. पाणी होतं. तिनं तो कागद किती वेळा मोजला होता. बादली तिरकी का आहे, कडी एकीकडं का ओढलीय, हे तिला एकदाही दिसलं नव्हतं. वजनामुळं. इतकी साधी गोष्ट. आणि जिनं ते काढलं ती तेव्हा आईला सांगत होती की तिखट कमीच घालतेय.

दुसऱ्या दिवशी तिनं करडा पुठ्ठा धाकटीच्या टेबलावर ठेवला. "हॉस्पिटलनं ही घेतलीत."

"कुठली?" धाकटीनं मान तिरकी करून बघितलं. "अगंबाई. ही मी काढलीत?"

हे सगळ्यात लागलं. जिच्यापायी पट्टीची झोप उडाली, ती बादली काढल्याचं धाकटीला आठवतसुद्धा नव्हतं.

"तूच. टोपलीतली आहेत. आणखी पाच हवीत. छत्री, शिडी, किटली, चप्पल, उशी. आत्ता बस."

धाकटी बसली. नवा कोरा कागद घेतला, नवं पेन उघडलं, जीभ दातांत धरली आणि छत्री काढली. ती छत्री अशी उभी राहिली की शाळेत उशिरा आलेल्या पोरालाही तितका ताठपणा साधला नसता. दुसरी काढली, ती आणखी वाईट. शिडीला तर पायऱ्याच मोजून काढल्या.

पट्टीच्या छातीत काहीतरी सुटलं, आनंदासारखं. येत नाही हिला. काढ म्हटलं की येत नाही. मग लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली: हिला आलं नाही तर काम हातचं जातं, पाटी जाते, भिंत जाते. तेलही गेलं, तूपही गेलं. जळावं की रडावं हे ठरवायलाही फुरसत नव्हती.

"अशी नाही," ती म्हणाली. "फोनवर काढतेस तशी काढ."

"आई मावशीकडं गेलीय. तिथं रेंज नाही. चार दिवस काही फोन नाही तिचा." धाकटीनं पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही माझ्या हाताकडं असं बघत बसलात तर तो आखडणारच ना, ताई."

"मग माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

खरंच, काय बोलायचं? दोन वर्षं एका खोलीत बसून त्या दोघी एकमेकींशी फाइल पाठव, पंखा कमी कर, यापलीकडं बोलल्या नव्हत्या. पट्टीनं मुद्दाम तोंड फिरवून खिडकीकडं खुर्ची केली. पाठकोरी रद्दी मागं सरकवली आणि मेलेलं ब्रशपेन तिच्यावर ठेवलं.

"आईला रोज काय सांगतेस? माझ्या चहाड्याच ना?"

"चहाड्या कशाला? विचारते ती. मोठी जाऊ कशी आहे म्हणून."

"मग?"

मग ब्रशपेनाचा खसखस आवाज यायला लागला.

"सांगते, चांगली आहे. फक्त मी जेवायला गेले की माझी टोपली उपसते."

पट्टीचे कान तापले. "तुला कसं कळलं?"

"मी कागद हलके चुरगळते. वर येऊन बघते तर गोळे लिंबाएवढे आवळलेले. उंदीर काही एवढा राग धरत नाही." खसखस चालूच. "मला आधी वाटलं तुम्ही साहेबांना दाखवत असाल, हिला काढून टाका म्हणून."

"साहेब कोण? तो बहिरा? त्याला दाखवलं असतं तर गल्लीला कळलं असतं."

धाकटीला हसू फुटलं, पण ते मधेच तुटलं. "मग बोकड म्हणून नेलीत ना ही चित्रं? पुठ्ठा करडा आहे. टाइप तो. मला कळतं हो तेवढं. मी तिसऱ्या क्रमांकावर."

खोटं बोलायला पट्टी तोंड उघडत होती. "हो," ती म्हणाली. "कापायलाच नेलं होतं."

"आणि त्यानं खाटकालाच शिंग मारलं."

"मारलं."

"बरं झालं," धाकटी म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "दोन वर्षं मला कॅलेंडर, कॅलेंडर. लग्नपत्रिकेच्या वेलबुट्ट्या. एक चिन्ह दिलं नाहीत, एक वेष्टन दिलं नाहीत. मी काढलेलं तुम्ही कधी चांगलं म्हटलं नाहीत, वाईटसुद्धा म्हटलं नाहीत. नुसतं मोजता. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा कुणी लावली नसती एवढी पट्टी तुम्ही मला रोज लावता."

"मोजणार नाही तर काय करू? तू न बघता काढतेस आणि लोक चौकटीत लावतात. मी बेडूक पाळले होते, माहितीये? बरणीत. एका शेपटीसाठी. कुणी चौकटीत लावला का माझा बेडूक?"

"मी त्याच पुस्तकावर शिकले," धाकटी म्हणाली. "तो बेडूक मी वहीत उतरवायचा प्रयत्न करायची. जमलाच नाही कधी. मला सरळ रेघ येत नाही, ताई. म्हणून वाकडी काढते. तुम्हाला वाटतं मी हौसेनं काढते?"

हे ऐकून पट्टीला बरं वाटायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला वाटलंही असतं. तिच्या मनात आलं ते असं, की मला येतं त्यातून खिळ्याचं खोकं निघतं आणि हिला येत नाही त्यातून बादलीत पाणी येतं. हा कुठला न्याय. ती तोंडानं मात्र म्हणाली, "कंगव्याचा दात का मोडलास?"

"आमच्या घरी कंगव्याला दात मोडकाच असायचा."

"आमच्याही," पट्टी म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली.

भांडण संपेपर्यंत चहा दोनदा गार झाला. भांडणात सासूबाई आल्या, दीर आला, पंखा कुणी किती वाजता बंद करायचा हे आलं, धाकटीच्या लग्नात पट्टीनं फोटोत कपाळाला आठ्या का घातल्या होत्या तेही आलं. खालून नवऱ्यानं हाक मारली, "भांडताय की काम करताय?"

"दोन्ही," दोघी एकदम म्हणाल्या.

पट्टीनं खुर्ची वळवली तेव्हा टेबलावर कागद पसरलेले होते. छत्री वाऱ्यानं उलटायच्या बेतात होती आणि तिला धरलेला हात दिसत नसून दिसत होता. शिडी कुणाच्या तरी पायाखाली वाकली होती. किटली फुत्कारत होती, ती बहुधा टोपलीचं बोलणं निघालं तेव्हाची. चपलेचा अंगठा झिजलेला. आणि उशी, मधोमध खोल दबलेली, जिच्यावरून कुणाचं तरी डोकं आत्ताच उठलंय.

पट्टीचा हात अंबाड्याकडं गेला, आणि तिथं घटकाभर राहिला. मग तिनं पट्टी काढली आणि टेबलाच्या कडेला धाकटीच्या बाजूला ठेवली. मोजायला नाही. कागद उडू नयेत म्हणून.

पाटीचं काम उरलं. ते अर्थातच पट्टीनंच करायचं होतं, अक्षरं तिची. एवढीशी जागा, दोन ओळी. तिनं पहिली ओळ लिहिली, "चित्रं", आणि पुढं धाकटीचं नाव. खालची, "रेषा आणि अक्षरं", आणि पुढं स्वतःचं. दोन्ही ओळींचा टाइप सारखा, अंतर सारखं, केसभर इकडं तिकडं नाही. मग ती पूर्ण दुपार त्या कागदाकडं बघत बसली आणि स्वतःची समजूत घालत राहिली की खालची ओळ माणूस शेवटी वाचतो, आणि शेवटी वाचलेलं जास्त लक्षात राहतं. धंद्यातला अनुभव तसा आहे, असंही तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. काय सांगितलं ते त्याला ऐकू आलेलं नव्हतं.

रंग वाळल्यावर दोघी हॉस्पिटल बघायला गेल्या. सकाळची गर्दी. बोळात निळ्या, पिवळ्या, तांबड्या रेषा जमिनीवरून निघाल्या होत्या, वळणावर वळत, दारापाशी थांबत, जिन्यापाशी तुटून वरच्या पायरीवर पुन्हा उगवत. त्या रेषा पट्टीनं ओणव्यानं मोजून आखून दिल्या होत्या. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीवर बादली, खांद्याच्या उंचीवर तीच बादली. खालची पोरांसाठी.

एक माणूस आला. अंगावर कामाचे कपडे, हातांना चुना, खांद्यावर पोरगी. दाराशी थबकला. शिपायानं बसल्याजागी हात केला, "बादलीच्या मागं."

"कुठाय?" माणूस म्हणाला.

"ती काय," खांद्यावरची पोरगी म्हणाली. "सांडतीय बघ."

धाकटी हरखली. तिनं पट्टीचं मनगट धरलं. पट्टीच्या मनात मात्र जुनं कुसळ असं उभं राहिलं की तिचं तिलाच नवल वाटलं. सांडतीय. पोरगीनं पाटी बघितली नाही, अक्षरं बघितली नाहीत, ज्या रेषेवर बापाचा पाय होता ती रेषासुद्धा बघितली नाही. पट्टीला वाटलं, चुकावा. पुढच्या वळणावर हा माणूस चुकावा, डावीकडं जाऊन कंगव्याच्या रांगेत उभा राहावा. एकदाच. म्हणजे कळेल की नुसत्या बादलीनं काही होत नाही.

माणूस वळणापाशी आला. तिथं तीन बोळ फुटत होते. पट्टी त्याच्या पावलांकडं बघत होती. पण तिथं रेघ जरा रुंद होत होती, पाऊल आपसूक उजवीकडं पडावं अशी, आणि बरोबर पायाजवळ बादली होती. माणसानं मान वरही केली नाही. तो उजवीकडं वळला, आणि पोरगीची चप्पल भिंतीला घासत दिसेनाशी झाली. तिथं चुकणं शक्यच नव्हतं. तिनंच ती सोय ठेवली नव्हती.

बाहेर पडताना दारातल्या पाटीपाशी धाकटी थांबली आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून आईला पाठवला. पट्टीनं पाटीला बोट लावून बघितलं, सरळ लागलीय की नाही. लागली होती.

"ताई, सोमवारी ते साबणवाले येतायत ना," रस्त्यानं धाकटी म्हणाली. "नवं वेष्टन. तीन पर्याय लागतील. बोकड मी करू का?"

"नको," पट्टी म्हणाली. "पहिला तू कर. बोकड मी करते."

धाकटीनं तिच्याकडं चमकून बघितलं. "नक्की?"

"नक्की. त्याला काय लागतंय, अर्धा दिवस."

शुक्रवार, शनिवार आणि अख्खा रविवार पट्टी बोकडावर बसली होती. जेवायलाही वर गेली नाही. सासूबाईंनी जिन्यातून दोनदा सांगितलं, डोळे सांभाळ. साबणाचा बुडबुडा कसा फुटतो हे नीट कळावं म्हणून तिनं टेबलावर बादली आणून ठेवली होती, साबणाच्या पाण्यानं काठोकाठ भरून, आणि ती तिरकी करून, एका हातानं तिचं वजन पेलून, दुसऱ्या हातानं काढत होती.